सवतीनं पट्टी उतरवली

आमच्या घरात एक सवत होती. आई तिला उघडउघड सवतच म्हणायची आणि बाबा त्यावर खूश होऊन हसायचे. मी हे शाळेत सांगितलं, तेव्हा एका मैत्रिणीची आई पुढे बरेच दिवस मला जरा जास्तच जपत होती, डब्यात काय आणलंस म्हणून विचारत होती. सवत अमेरिकेची होती, गिटारवर गाणी म्हणायची आणि बाबांच्या गाडीत राहायची.

नव्वदच्या दशकाची ती सुरुवात. आम्ही दुबईत, करामामधल्या एका तीन मजली बिल्डिंगीत दोन खोल्यांत राहत होतो. बाबा पुण्याचे, मेकॅनिकल इंजिनियर. अल क्वोजमधल्या एका वर्कशॉपमध्ये मोठमोठे जनरेटर पूर्ण उघडून, साफ करून पुन्हा जोडून देण्याचं काम त्यांच्या हाताखाली चालायचं. तिथला अमेरिकन मॅनेजर नोकरी सोडून मायदेशी निघाला, तेव्हा टेबलाचा खण रिकामा करताना त्यानं एक कॅसेट बाबांच्या हातात ठेवली. तोवर बाबांच्या लेखी इंग्रजी गाणं म्हणजे निव्वळ धांगडधिंगा. ही बाई मात्र सावकाश, स्पष्ट, एका वेळी एक वाक्य सांगावं तशी गायची. अमेरिकेतल्या खेड्यापाड्यांतली ही गाणी. तिकडे त्यांना कंट्री म्हणतात. सोडून गेलेला नवरा, शहरात हरवलेला मुलगा, रविवारचं चर्च, पीक बुडालेलं वर्ष, असला सगळा मामला. बाबा म्हणायचे, इंग्रजी असून सगळं समजतं. त्यांच्याकडून याहून मोठी तारीफ कुणाला मिळालेली मी ऐकलेली नाही.

सकाळी करामा ते अल क्वोज आणि संध्याकाळी अल क्वोज ते करामा, अशी ती बाई बाबांच्या शेजारी बसून वर्षानुवर्षं गायली. मला वाटतं, वर्कशॉपमधला दिवसभराचा खडखडाट कानातून काढून टाकायला तिचाच उपयोग होत असावा. घरी येईपर्यंत बाबांचा चेहरा निवलेला असायचा. आई दार उघडताना विचारायची, काय म्हणतेय सवत? बाबा म्हणायचे, आज तिचा नवरा पुन्हा गेला.

कॅसेटची मात्र उन्हाळ्यात दैना व्हायची. ज्यांनी तिकडचा जुलै पाहिलाय त्यांना सांगायला नको. दुपारभर उन्हात उभ्या असलेल्या गाडीत कॅसेट राहिली की तिचा टेप ताणला जायचा आणि संध्याकाळी ती बाई घोगऱ्या पुरुषी आवाजात, रडत रडत, प्रत्येक शब्द ओढत गायला लागायची. "कॅसेट रडायला लागली" असा आमच्याकडचा शब्द होता. मग बाबा नवी कॉपी करून आणायचे. घरातल्या टेपरेकॉर्डरची मोटर थकली तरी हेच व्हायचं. त्यामुळे आवाज खाली गेला म्हणजे मशीन बिघडलं किंवा ऊन लागलं, हे आम्हाला पाढ्यांसारखं पाठ होतं. बाबांना तर त्यात अभिमान होता. दोन शब्द ऐकून ते सांगायचे, टेप गेला का मोटर गेली ते.

आता आईबद्दल. आई गायची. नुसती गुणगुणायची असं नव्हे, गायची. लग्नाआधी पुण्यात तिनं एका गुरुजींकडे बारा वर्षं तालीम घेतली होती आणि दुबईला येताना सामानात तिनं भांडी कमी केली, पण पेटी आणली. महिन्यातून एका शुक्रवारी, म्हणजे आमच्या सुट्टीच्या दिवशी, मराठी मंडळी कुणाच्या तरी घरी जमून गाण्याची बैठक करायची. पेटीला शारजाचे एक काका असत. शारजा औद्योगिक क्षेत्रातल्या एका कारखान्यात ते हिशेब बघायचे आणि बोटं पेटीवर ठेवली की हिशेब विसरायचे. गाणारा पुढे येऊन बसला की काका विचारत, "पट्टी?" गाणारा उत्तर देई आणि मगच सूर लागे. पट्टी म्हणजे गाणाऱ्यानं आपला सा पेटीच्या कुठल्या पट्टीवर धरायचा ते. पांढऱ्या पट्ट्यांना पांढरी एक, पांढरी दोन म्हणायचं, काळ्यांना काळी एक, काळी दोन. पुरुष खालच्या पट्ट्यांत गातात, बायका वरच्या. आईची काळी चार. तिच्याबाबतीत काका विचारायचेही नाहीत, ती बसायच्या आत काळी चार वाजायला लागलेली असायची.

घरी ती रियाझाला बसली की पहिला हुकूम माझ्यावर सुटायचा, एसी बंद कर. आमचा खिडकीतला एसी एका ठरावीक सुरात घरघरायचा आणि आईच्या मते तो सूर जगातल्या कुठल्याच पट्टीत बसत नव्हता. मग आम्ही घामानं निथळत बसायचो आणि ती गायची. वरचा सा लावताना ती डोळे मिटायची नाही, उलट मोठे करायची, समोर कुणी उभं असावं तशी. मला तेव्हा गाण्यातलं काही कळत नव्हतं, मी तिला उत्तरंही इंग्रजीत द्यायचे, पण त्या सुराशी माझ्या अंगावर काटा यायचा तो यायचाच. आपली आई घरात पोळ्या करते आणि हेसुद्धा करते, याचा मला धाक वाटायचा.

सवतीबद्दल तिचं मत एकदाच ठरलं होतं. सुरात आहे, पण बाई गं, एक तरी तान घे की, लाजतेस कशाला? गाडीत दोन गाणी ऐकून झाली की ती काच खाली करायची.

मी दहावीत असताना आईच्या गळ्यात थायरॉइडची गाठ निघाली. ऑपरेशन करावं लागलं. आवाजात फरक पडू शकतो हे डॉक्टरांनी आधीच समजावून सांगितलं होतं आणि आईनं मान डोलावली होती. ऑपरेशन उत्तम झालं. जखम भरली, गाठ साधी निघाली, देवापुढे नारळ फुटला. बोलणंही पूर्ववत झालं, मला रागावण्यात तर काहीच उणं राहिलं नाही. फक्त वरचे सूर परत आले नाहीत. पाडव्याच्या बैठकीत ती पुढे बसली, काकांनी काळी चार धरली, आणि वरच्या सा पाशी तिचा आवाज मधोमध फाटला. तिनं पुन्हा घेतला, पुन्हा फाटला. तिनं हात पुढे करून काकांच्या बोटांवर ठेवला, म्हणजे पुरे. घरी आल्यावर पेटीला खोळ घातली आणि बाबांना सांगून ती कपाटावर चढवली.

काकांनी नंतर फोन करून अगदी हळुवारपणे सुचवलं की वहिनी, पट्टी उतरवा, थोडं खालून गा. आईनं फोन ठेवला आणि दिवसभर कुणाशी बोलली नाही. मला ते काही केल्या समजेना. खालून गायचं तर गायचं, त्यात काय? पण तिच्या मनात ते तसं नव्हतं. काळी चार तिला गुरुजींनी नेमून दिली होती. आणि बैठकीत पट्टी सगळ्यांसमोर मोठ्यानं सांगावी लागते. जिची काळी चार अख्ख्या दुबईला ठाऊक, तिनं पुरुषांच्या पट्टीचं नाव घ्यायचं म्हणजे आपण आजारी पडलो, आपण संपलो, हे आपल्याच तोंडानं जाहीर करायचं. "गायचं तर काळी चारमध्ये," ती म्हणाली. "नाहीतर खलास."

म्हणजे खलासच. आई पुन्हा गाणार की नाही हा एकच प्रश्न त्यानंतर आमच्या घरात होता आणि तो कुणी विचारायचा नाही असं न बोलता ठरलं होतं. बैठकींना ती जायची, मागे बसून ताल धरायची, पोहे वाढायची. घरी शुक्रवारी दिवसभर एसी चालू असायचा. मला त्या घरघरीचा इतका संताप यायचा की मी उगीचच बाहेर जाऊन जिन्यात पुस्तक वाचत बसायचे. अशी तीनेक वर्षं गेली.

नवं शतक उजाडलं, मी कॉलेजात गेले, आणि एका गुरुवारी संध्याकाळी बाबा एक जाडजूड खोका छातीशी धरून घरी आले. किती दिरहॅमना घेतला ते त्यांनी सांगितलं नाही आणि आईनं रुपये करून पाहिले नाहीत, यावरूनच ओळखा. सवतीनं स्टुडिओत गायलेली सगळी गाणी, पहिल्या दिवसापासून शेवटच्या दिवसापर्यंत, ओळीनं सहा सीडींवर लावली होती. सोबत फोटोंची पुस्तिका. आणि खोक्यावर लिहिलं होतं, रीमास्टर्ड.

आईनं विचारलं, म्हणजे काय? बाबांचा चेहरा उजळला. त्यांना त्यांच्याच धंद्यातला शब्द सापडला होता. "ओव्हरहॉल केलंय. मूळ टेप बाहेर काढायचे, वर्षांची घाण साफ करायची, नवीन काही घालायचं नाही, आणि होतं तसं परत जोडायचं." आई म्हणाली, म्हणजे सवतीला आंघोळ घातली. बाबा म्हणाले, तसं म्हण.

पहिली सीडी लावली तेव्हाचं मला अजून जसंच्या तसं आठवतं. आम्हाला गाडीतल्या कॉपीच्या कॉपीची सवय, म्हणजे बाई लांब कुठेतरी पिठाच्या गिरणीपलीकडे गाते आहे असं ऐकण्याची. आता आधी काहीच ऐकू आलं नाही, अगदी निखळ शांतता. मग एक लाकडी खुर्ची करकरली. कुणीतरी हळूच घसा साफ केला. तारांवरून बोट घसरल्याचा बारीक आवाज आला. आणि मग श्वास. गाण्याच्या पहिल्या शब्दाआधी तिनं घेतलेला श्वास इतका जवळून आला की मी दचकून मागे पाहिलं. कितीतरी वर्षांपूर्वी, मी जन्मायच्याही आधी, सातासमुद्रापार एका खोलीत एका बाईनं छातीत हवा भरून घेतली होती आणि ती करामात आमच्या दिवाणावर सुटत होती. मी सायन्सची विद्यार्थिनी, टेपवर काय उमटतं आणि कसं उमटतं ते परीक्षेत लिहिलेलं, तरीही मला ते खरं वाटेना. हे माणसानं कसं काय जमवलं असेल, या एका विचारानं मी थक्क होऊन बसून राहिले.

आई स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभी होती. हातात निवडायची कोथिंबीर. गाणं संपलं तरी ती हलली नाही. मग म्हणाली, "श्वास कुठे घेते बघ. वाक्य कुठे मोडत नाही."

बाबा शिस्तीचे. दिवसाला एकच सीडी, असं त्यांनी जाहीर केलं. आणि आई, जी इतकी वर्षं गाडीची काच खाली करत आली होती, ती रोज संध्याकाळी कामं उरकून दिवाणाच्या टोकाला येऊन बसू लागली. पहिल्या दिवशी ती नुसती ऐकत होती. तिसऱ्या दिवशी म्हणाली, हिला तान येत नाही असं नाही, हिला ती लागतच नाही. पाचव्या दिवशी काहीच म्हणाली नाही. आवाज रोज थोडा थोडा जाड होत होता, पिकत होता, पण एकेका दिवसाच्या अंतरानं ऐकताना ते आमच्या ध्यानात आलं नाही.

सहाव्या दिवशी बाबांनी शेवटची सीडी लावली. पहिलंच गाणं आमच्या ओळखीचं, कॅसेटवरचं, बाबांचं सर्वांत लाडकं. गिटारही तीच. आणि मग जो आवाज आला तो घोगरा, खोल, शब्दांच्या कडा झिजलेला, पार खालून. बाबांचा हात बटणावर गेला आणि त्यांनी सीडी थांबवली.

"स्लो चाललीय," ते म्हणाले.

मी सांगून पाहिलं की सीडी अशी स्लो होत नाही. इट्स डिजिटल, बाबा. त्यांनी ऐकलं नाही. चार-पाच महिने कुठल्यातरी गोडाऊनमध्ये पडून असेल, ऊन लागलं असेल, दुसरं काय. दहा वर्षं ज्या कानांनी टेप गेला का मोटर गेली हे ओळखलं, ते कान चुकणं त्यांना शक्यच वाटत नव्हतं. दुसऱ्या दिवशी ते खोका घेऊन दुकानात गेले, मीही गेले. दुकानातल्या मल्याळी गृहस्थानं सीडी तिथल्या मशीनवर लावली. तोच आवाज. त्यानं मान हलवली आणि हिंदीत म्हणाला, सर, आवाज तो सच में बैठा हुआ है. बिचाऱ्यानं हुज्जत न घालता नवा खोका उघडून दिला. घरी येऊन लावला, तर पुन्हा तेच. "सगळी खेपच खराब," बाबा म्हणाले आणि इतके खट्टू झाले की चहा नको म्हणाले. मला हसू येत होतं आणि त्यांची दयाही येत होती.

 आई उठली, आतल्या खोलीत गेली, आणि खुर्ची सरकवल्याचा आवाज आला. मी जाऊन बघते तर ती खुर्चीवर चढून कपाटावरची पेटी ओढत होती. मी धावत जाऊन खालून धरली. खोळीवरची धूळ दोघींच्या नाकात गेली. बाबा दारात आले, त्यांनी पाहिलं, आणि शहाण्यासारखे वाट सोडून बाजूला झाले.

पेटी बाहेरच्या खोलीत आली. भाता कडक झाला होता, पहिल्यांदा नुसता सुस्कारा निघाला. आईनं बाबांना पहिली सीडी लावायला सांगितली, तेच गाणं, तरुणपणीचं. तिनं पट्ट्या चाचपल्या आणि एकीवर बोट ठेवलं. पांढरी पाच. उजव्या हातानं सूर धरून, डाव्यानं भाता हलवत ती पायाच्या अंगठ्यानं ठेका देत होती. गाणं अर्धं झाल्यावर म्हणाली, आता शेवटची लावा. बाबांनी नाइलाजानं लावली. ती झिजलेली, खोल बाई पुन्हा गायला लागली. आईची बोटं एक एक पट्टी खाली उतरत गेली आणि थांबली. पांढरी दोन. सूर गिटारशी असा चपखल मिळाला की पेटी आणि गिटार वेगळी ऐकू येईनात. पायाचा अंगठा मात्र पूर्वीच्याच चालीनं हलत होता.

"लय बघा," ती बाबांना म्हणाली. "मशीन मंद झालं असतं तर लयसुद्धा मंद झाली असती. लय तशीच आहे. उलट किंचित पुढेच. मशीनला काही झालेलं नाही."

बाबा म्हणाले, मग?

"तिचा आवाज गेला वरचा. म्हणून तिनं पट्टी उतरवली."

 बाबा हळूच बसले. आम्ही ते गाणं पुन्हा पहिल्यापासून ऐकलं आणि आता ते बिघडलेलं मशीन नव्हतं, एक म्हातारी बाई होती. तरुणपणी ज्या ओळीवर ती सूर वर चढवायची, तिथे आता ती चढत नव्हती. ती ओळ सांगून थांबायची, आणि त्या थांबण्यात एवढं काही असायचं की पूर्वीचं चढणं मला पोरकट वाटायला लागलं. नवरा सोडून गेला ही तीच गोष्ट, पण आधी ती रडत सांगत होती आणि आता त्याला माफ करून बसली होती. आधी त्या रीमास्टरवाल्यांनी तिचा श्वास आमच्यापर्यंत आणला म्हणून मी थक्क झाले होते. आता त्या बाईनं तो श्वास कशावर खर्च केला ते पाहून मी त्याहून जास्त थक्क झाले.

आईच्या डोळ्यांत पाणी वगैरे नव्हतं. ती रागावल्यासारखी दिसत होती. तिनं बाबांना विचारलं, "हिला लोक काही बोलले नसतील?"

"बोलले असतील की," बाबा म्हणाले. "तरी तिनं रेकॉर्ड केलं."

आई खोळीची घडी घालत बसली. मग माझ्याकडे न बघता म्हणाली, "एसी बंद कर."

मी बटण दाबलं. घरघर थांबली आणि खालच्या गल्लीतल्या कॅफेटेरियातले कपबशांचे आवाज वर आले. आईनं काळी चार वाजवली, ऐकली, आणि सोडून दिली. पांढरी पाच, सोडून दिली. प्रत्येक पट्टीवर थोडं थांबून ती खाली येत राहिली. पांढरी तीनवर तिनं सा लावला. धड बायकांची नव्हे, धड पुरुषांची नव्हे अशी ती पट्टी. सूर जरा थरथरला, मग बसला, आणि रुंद होत गेला. त्या दिवशी तिनं त्या एका सा पलीकडे काहीही गायलं नाही. थांबली तेव्हा म्हणाली, सवतीच्या वरच आहे मी अजून. आणि बाबा इतके मोठ्यानं हसले की त्यांना डोळे पुसावे लागले.

पुढे दीड-दोन महिने बाबा कामावर गेले की ती रियाझाला बसत असे. पण पेटीपुढे घरात बसणं निराळं आणि चारचौघांत पट्टी सांगणं निराळं. ती बैठकीत गाईन असं म्हणाली नाही आणि आम्हीही विचारलं नाही.

मग शारजाला काकांच्याच घरी बैठक ठरली. शुक्रवारची सकाळ, दाराबाहेर चपलांचा ढीग, आतल्या खोलीत मुलांचा दंगा, सतरंजीवर पंचवीसेक माणसं. दोघंजण गाऊन झाले. जुम्म्याच्या नमाजाची अजान सुरू झाली तेव्हा नेहमीप्रमाणे गाणं थांबलं, चहा फिरला, आणि अजान संपल्यावर काकांनी सहज विचारलं, आता कोण बसतंय? माझ्या शेजारून आई उठली. साडीचा पदर खोचत पुढे गेली आणि पेटीशेजारी बसली. खोलीतली कुजबुज थांबली. काकांची बोटं सवयीनं काळी चारवर गेली आणि तिथेच थबकली. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच त्यांनी तिला तो प्रश्न केला.

"पट्टी, वहिनी?"

मी बाबांकडे पाहिलं. ते दाराजवळ उभे होते, हातातला कप तसाच. मला आईच्या पाठीचा ताठपणा दिसत होता. ती खोलीभर ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "पांढरी तीन."

काकांनी एकदा तिच्याकडे पाहिलं, मान लववली, आणि बोटं खाली सरकवली. कुणीतरी उठून एसी बंद केला. दुपार होती म्हणून तिनं सारंग घेतला. पहिली ओळ तिनं खालच्या सुरांतच ठेवली, आणि तिथे, जिथे पूर्वी ती फारशी जायचीच नाही, तिथे तिच्या आवाजात मी कधी न ऐकलेलं काहीतरी होतं, दाट, सावकाश, घाई संपलेलं. वरचा सा आला तेव्हा तिनं डोळे मोठे केले नाहीत. शांतपणे लावला आणि उतरली. मुलांचा दंगा कधी थांबला ते कुणाला कळलं नाही. पुढच्या रांगेतल्या एक आजी, ज्या दरवेळी गाण्यात कुणाची तरी चूक काढतात, त्या तोंडाला पदर लावून बसल्या होत्या. माझ्या अंगावर काटा आला, पण तो लहानपणचा नव्हता. तेव्हा मला तिचा धाक वाटायचा. आता मला तिच्या पाया पडावंसं वाटत होतं.

परतताना मी मागे बसले होते. शारजाच्या गर्दीतून गाडी बाहेर पडेपर्यंत आई खिडकीबाहेर बघत होती. बाबांनी कॅसेट लावली नाही. गरहूदचा पूल लागला आणि आईनं, पेटी नाही, ठेका नाही, अशीच एका अभंगाला सुरुवात केली. आजवर ती गाडीत कधी गायली नव्हती. ती आमच्यासाठी गात नव्हती, स्वतःसाठीही नसावी. बाबा स्टिअरिंगवर दोन्ही हात ठेवून समोर बघत होते. पहिला चरण झाला, दुसरा झाला, तिसरा सुरू झाला आणि करामाचं वळण समोर आलं. बाबांनी इंडिकेटर दिला. मग तो बंद केला आणि गाडी सरळ पुढे जाऊ दिली.